लँडमास्टरची राखण

शेवगावात बदली होऊन आम्ही राहायला गेलो, तेव्हा समोरच्या घराच्या दारात मोटार उभी दिसली. माझी बायको इंदू म्हणाली, "शेजारी बडे दिसतात." दुसऱ्या दिवशी कळलं, की शेजाऱ्यांचं नाव श्रीमंत मडके, घर दोन खणांचं, आणि ती मोटार हेच त्यांचं पोट. नाव श्रीमंत आणि आडनाव मडके, त्यामुळे गावात त्यांची थट्टा करायला कुणाला फारशी अक्कल खर्चावी लागत नसे. तेही हसून घ्यायचे. थोडे बुटके, अंगानं रुंद, वरच्या खिशाला कायम तेलाचा डाग. बोलणं मोजकं. मी शाळामास्तर म्हणून मला 'गुरुजी' म्हणायचे आणि बसायला आधी पोतं अंथरायचे.

त्यांचं गाव बोधेगावच्या पलीकडं. जमीन कोरडवाहू, वाटेकरी फार, म्हणून मिसरूड फुटायच्या आधी नगरला गेले आणि ट्रकवर क्लीनर झाले. मग ड्रायव्हर. मुळा धरणाचं काम चाललं होतं तेव्हा एका कंत्राटदाराची मोटार चालवायला लागले. त्याचं तिथलं काम उरकलं, कंत्राटदारानं नवी गाडी घेतली आणि जुनी लँडमास्टर श्रीमंतरावांना पडत्या भावात देऊन टाकली. त्यात राहीबाईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, पुतळ्यांची माळ गेली. गाडी दारात आली तेव्हा त्यांनी तिला हळदकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "आता हिलाच गळ्यात घालते." हे मला स्वतः श्रीमंतरावांनीच सांगितलं.

गाडी करड्या रंगाची, नाक फुगवल्यासारखी दिसायची. मागच्या सीटची गादी फाटली होती, तिच्यावर राहीबाईंनी शिवलेली वाकळ होती. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराचं कुलूप झिजून झिजून असं झालं होतं, की ट्रंकेची किल्ली घातली तरी उघडावं. पण चालायची. अडलेल्या बाया नगरला न्यायच्या, कोर्टाच्या तारखेला माणसं न्यायची, पैठणला अस्थी घेऊन जाणारी, मढीच्या यात्रेला जाणारी. एकुलती एक मुलगी मनकर्णा, तिचं लग्न याच गाडीवर झालं. ती राहात्याला दिली. श्रीमंतरावांचं असं बरं चाललेलं असताना ती नगरची गोष्ट घडली.

एकाहत्तर सालची दिवाळी नुकतीच झाली होती. जमिनीच्या वादातली माणसं घेऊन ते नगरच्या कोर्टात गेले होते. गाडी बाहेर लिंबाखाली लावली आणि समोरच्या हॉटेलात चहा प्यायला बसले. परत येऊन बघतात तर लिंबाखाली नुसती सावली. आधी वाटलं, आपणच जागा चुकलो. मग पळत सुटले. कँपाच्या बाजूला वळणावर गाडी एका भिंतीला टेकून उभी होती, बॉनेट उघडं, आतल्या तारा ओढून एकमेकींना पिळलेल्या. चोरांनी ती तिथपर्यंत ढकलत आणि खोकवत आणली होती. पण ती जुनी बया. एकदा थांबली, की पंपाची दांडी हातानं हलवून पेट्रोल वर चढवावं लागायचं. चोरांना ते ठाऊक नव्हतं.

हवालदारानं विचारलं, "गाडी मिळाली ना?"

"मिळाली साहेब."

"मग चोरी कुठं झाली?"

हे सांगताना श्रीमंतराव हसले होते. पण ते हसणं तेवढंच. त्यानंतर मी त्यांना गाडीकडं पाठ करून बसलेलं पाहिलं नाही.

"गुरुजी, नव्या गाडीला कागद लागत्यात," ते मला समजावून सांगत. "जुनी गाडी खोलली की झालं. चाकं बैलगाडीला, इंजान मळ्यावर पान्याला, पत्रा भंगारात. वळखायचं कसं? माझी गाडी म्हनून मी काय दाखवू?"

पहिल्यांदा त्यांनी मोटेचा जुना साखळदंड आणला. स्टीअरिंगमधून काढून तो दाराबाहेरच्या दगडी खांबाला बांधायचा. मग चाकांभोवती बाभळीच्या फांद्या आल्या. त्या रोज काढायच्या आणि रोज घालायच्या, हात ओरबाडून निघायचे. मग कानिफनाथ मिस्त्रीनं त्यांना एक युक्ती सांगितली. कानिफनाथचं गॅरेज स्टँडमागे होतं. त्यानं इंजिनातला एक काळा तुकडा काढून दाखवला, मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढा. त्याला रोटर म्हणतात. तो फिरून ठिणगी वाटून देतो. तो काढून खिशात टाकला, की आत तारा कितीही जोडा, गाडी घर्र करील पण पेटणार नाही.

"त्यापुढं कुलूप कशाला पाहिजे?" कानिफनाथ म्हणाला.

श्रीमंतरावांना ते पटलं, पण साखळदंड आणि बाभळी गेल्या नाहीत. रोटर त्यांच्यात जमा झाला एवढंच. आणि रोटर काढला की तो ठेवायचा कुठं, ही नवी काळजी लागली. खिशात ठेवला तर खिसा कापला जाईल. म्हणून कधी पिठाच्या डब्यात, कधी देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकामागे, कधी आढ्याच्या खाचेत. ठेवताना कुणी बघितलं असा संशय आला, की जागा बदलायची. आणि संशय रोज यायचा. रात्री ते गाडीतच झोपायचे. झोपायचे म्हणजे मागच्या वाकळीवर पाय दुमडून पडायचे आणि कुत्रं भुंकलं की उठून बसायचे. सकाळी मी दात घासायला बाहेर आलो, की ते दार उघडून एक एक पाय जमिनीवर ठेवत बाहेर पडत, आणि मान सरळ होईपर्यंत तसेच उभे राहत. चेहरा सुजलेला. डोळ्यांखाली काळं.

धंद्यावरही परिणाम झाला. पूर्वी ते आजाऱ्याला उचलून दवाखान्यात नेत, नातेवाईक जागा शोधेपर्यंत थांबत, कोर्टात पक्षकाराची पिशवी सांभाळत. आता गाडी सोडून दहा पावलं जात नसत. बाळंतीण कण्हत असायची आणि हे म्हणायचे, "तुमी न्या आत, मी हितंच थांबतो." लोकांना राग यायचा. एकदा कुणीतरी तोंडावर बोललं, "गाडी भाड्यानं देतोस का दाखवायला आनतोस?" त्यांनी ते ऐकून घेतलं. चहासुद्धा गाडीपाशी मागवून उभ्यानं प्यायचे.

आणि मग बहात्तर साल लागलं. त्या सालाबद्दल काय सांगायचं, ज्यांनी काढलं त्यांना ठाऊक आहे. लग्नं पुढं गेली. कोर्टाला जाणारे एसटीनं जाऊ लागले, नाहीतर तारीखच सोडून देऊ लागले. शेवगावचा बाजार भरायचा, पण त्यात विकायला गुरंच जास्त. रेशनवर लाल मिलो आली, अमेरिकेची ज्वारी. तिच्या भाकरीला चव नव्हती आणि तुटताना ती मातीसारखी तुटायची. लँडमास्टर दारात उभी राहायची ती कधी आठ-आठ दिवस. पण राखण चालूच. उलट आता जास्त, कारण श्रीमंतरावांचं म्हणणं, भुकेला माणूस काय करील सांगता येत नाही.

तिसगावच्या रस्त्याला पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं. माती वाहायची, खडी फोडायची. गावातल्या निम्म्या बाया सकाळी डोक्यावर पाटी घेऊन तिकडं चालत जाऊ लागल्या. राहीबाईही गेल्या.

श्रीमंतरावांनी त्यांना पाठवलं असं नाही. मी समोर होतो, मी ऐकलं आहे. ते म्हणाले होते, "तू ऱ्हा घरी. मी जातो."

"आन् गाडी?"

"तू बघ."

राहीबाई भाकरीचं फडकं बांधत होत्या. "तुमी तिथं गेला तरी जीव हितंच. घन मारायचा दगडावर, मारून घ्याल हातावर. त्यापरीस मीच जाते. माझं काय मागं न्हाई ऱ्हात."

आणि त्या गेल्या. पहिल्या दिवशी परत आल्या तेव्हा दोन्ही तळव्यांवर फोड होते. श्रीमंतराव उंबऱ्यावर बसले होते, तोंड गाडीकडं. उठून त्यांनी तांब्या दिला. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. 

"कुनी आल्तं का?" राहीबाईंनीच विचारलं.

"कोन येनार?"

"मग दिसभर बसला कशाला?"

"आज आलं न्हाई म्हंजी येनारच न्हाई, आसं आसतं व्हय?"

राहीबाईंनी पाणी पिऊन घेतलं आणि चूल पेटवायला आत गेल्या.

पुढं त्यांच्या हातांना घट्टे पडले, फोड गेले. इंदूपाशी कधीतरी त्या बोलायच्या. पीठ मागायला किंवा द्यायला आल्या की दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहायच्या, बसायच्या नाहीत; बसलं की उठवत नाही म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "वहिनी, गाडीत माझी माळ हाय. ती जावी आसं मला बी वाटत न्हाई. पन ह्यांच्याकडं बघितलं का? बोलता बोलता झोपत्यात. जेवताना घास हातात ऱ्हातो. परवा मला इचारलं, मनकर्णा शाळंतनं आली का."

मनकर्णाला तेव्हा सासरी जाऊन तीन वर्षं झाली होती.

मी एकदा श्रीमंतरावांना म्हटलं, "विकून का टाकत नाही? सुटाल तरी."

त्यांनी गाडीकडं बघितलं. मग म्हणाले, "ह्या सालात घेनार कोन? आन् घेतली तर पडत्या भावात घेनार. तिची माळ मी पडत्या भावात घालवू का गुरुजी?" थोड्या वेळानं म्हणाले, "लई दमलोय. पन दमलो म्हनून सोडायचं कसं?"

त्र्याहत्तरच्या शिमग्यानंतरची गोष्ट. उन्हं तापली होती, शाळा सकाळची झाली होती. मी घरी येऊन जेवून आडवा झालो होतो, तेवढ्यात सायकल आपटल्याचा आवाज आला. बाहेर बघतो तर कामावरचा मच्छिंद्र म्हणून एक जण, घामानं निथळत, श्रीमंतरावांना सांगत होता, "गाडी काढ लवकर. राहीबाईच्या डोळ्यात दगडाची कपची गेली. रगत थांबंना. मुकादम म्हनला नगरला न्या, हितं काय व्हायचं न्हाई. रस्त्याच्या कडंला बसवलीय. तू ये लगोलग."

एवढं सांगून मच्छिंद्र तसाच परत फिरला, गाडी येतीये हे तिकडं कळवायला.

श्रीमंतराव तीरासारखे उठले. साखळदंड सोडला. बाभळी उघड्या हातांनी ओढून फेकल्या. बॉनेट उघडलं, आणि तिथं त्यांचे हात थांबले.

"रोटर," ते म्हणाले.

ते आत धावले. पिठाचा डबा उपडा झाल्याचा आवाज आला. मी गेलो तर घरभर मिलोचं लाल पीठ आणि त्यात ते गुडघ्यांवर बसून चाळत होते. पिठात नव्हता. देव्हाऱ्यातले टाक खाली आले, त्यामागे नव्हता. आढ्याची खाच मी वर चढून पाहिली, तिथं एक पाल होती. इंदूनं अंथरुणं झटकली. त्यांनी अंगातला शर्ट काढून त्याचे खिसे उलटे केले, खुंटीवरचा दुसरा शर्ट, राहीबाईंची लुगड्यांची ट्रंक, शेणकुटांचा ढीग, रांजणामागची ओल. पुन्हा पीठ.

"काल कुठं ठेवला होता?" मी विचारलं.

"काल? काल आढ्यात हुता. न्हाई. परवा आढ्यात." त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "सकाळी मी काढला. सकाळी माझ्या हातात हुता गुरुजी, मला आठवतंय, हातात हुता."

"मग?"

"मग आठवत न्हाई."

मी स्टँडमागं पळालो. कानिफनाथकडं जीपचा रोटर होता. तो घेऊन तो स्वतः आला, बसवून बघितला, घासून बघितला. बसला नाही. श्रीमंतराव तोवर अंगणातली माती उकरत होते, मांजर उकरतं तशी. अंगावर बंडी, हातांना रक्त आणि पीठ.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. शेवटी मी त्यांना दंडाला धरून उठवलं. "श्रीमंतराव, एसटी धरा. गाडीचं राहू द्या."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू एसटी नावाची वस्तू जगात आहे हे त्यांना त्या क्षणीच कळलं. शर्ट हातात घेऊन ते स्टँडकडं पळाले. मीही बरोबर गेलो. गाडी तशीच दारात राहिली, बॉनेट उघडं, साखळदंड मातीत.

तलावाच्या कामापाशी एसटी थांबवून आम्ही उतरलो तर रस्त्याच्या कडेला राहीबाई नव्हत्या. त्यांना धान्याच्या एका ट्रकमध्ये बसवून, एक बाई सोबत देऊन नगरला पाठवलं होतं. मुकादम श्रीमंतरावांवर ओरडला नाही. पण मच्छिंद्र म्हणाला, "आरं, मघाशी एक एसटी गेली तिकडं. आमी तिला हात नाय केला. म्हनलं श्रीमंताची गाडी येतीये, तिच्यात नीट आडवं करून नेता येईल."

श्रीमंतराव रस्त्यावर खाली बसले. मग उठले, आणि कंडक्टर घंटी मारत होता म्हणून आम्ही त्याच एसटीत पुन्हा चढलो.  वाटेत श्रीमंतरावांना एकदा डुलकी लागली, डोकं खिडकीच्या गजावर आपटलं, तेव्हा दचकून त्यांनी बाहेर बघितलं आणि स्वतःच्या तोंडात मारून घेतली. शेजारचा माणूस सरकून बसला.

नगरच्या दवाखान्यात राहीबाईंना खाटेवर निजवलं होतं. उजव्या डोळ्यावर पट्टी, अर्धं तोंड सुजलेलं. डॉक्टरांनी कपची काढली होती. श्रीमंतराव खाटेपाशी उभे राहिले.  मग जे मनात होतं तेच बाहेर पडलं.

"रोटर सापडला न्हाई गं."

राहीबाईंनी उघडा डोळा त्यांच्याकडं वळवला. मग हात कमरेशी नेला, चाचपडत पदराची गाठ सोडायला लागल्या. बोटं सुजली होती, गाठ सुटेना. सोबत आलेल्या बाईनं सोडून दिली. आत तंबाखूची पुडी होती आणि तो काळा तुकडा होता.

"सकाळी तुमीच दिला की," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "म्हनला, माझ्या ध्यानात ऱ्हाईना झालंय, आज तू ठेव. मच्छिंद्राजवळ द्यायचं त्या कळंत सुचलं न्हाई. मग वाटलं तुमास्नी ठावं हाय. मी बसले हुते तिथं, रस्त्यावर. म्हनलं, आता कुनाच्या तरी सायकलीवर येत्याल आन् मागून न्हेत्याल."

श्रीमंतरावांनी तो तुकडा घेतला नाही. तो राहीबाईंच्या उघड्या तळव्यावर तसाच राहिला. शेवटी मी उचलला आणि माझ्या खिशात टाकला.

संध्याकाळी डॉक्टर आले. श्रीमंतराव त्यांच्या मागं व्हरांड्यात गेले. "सायेब, गाडीनं लौकर आनली असती तर?"

डॉक्टर वयस्क होते. म्हणाले, "कपची खोल गेली होती. सांगता येत नाही."

"म्हंजी डोळा ऱ्हायला असता?"

"तेच म्हणतो. सांगता येत नाही."

त्यांना हो किंवा नाही, काहीतरी एक हवं होतं. दोन्हींतलं काही मिळालं नाही. मला वाटतं तेच त्यांना जास्त जड गेलं. ते व्हरांड्याच्या फरशीवर भिंतीला टेकून बसले आणि बसल्या जागी झोपले. माणसं त्यांच्यावरून जात-येत होती, पाय लागत होते, त्यांना जाग नव्हती. दुसऱ्या दिवशी मी शेवगावला परत निघालो तेव्हाही ते तसेच झोपले होते. राहीबाई म्हणाल्या, "उठवू नका."

त्या आठवड्यात, ते दोघं नगरला असताना, लँडमास्टरची बॅटरी चोरीला गेली. बॉनेट मी लावून घेतलं होतं, साखळदंडही बांधला होता. तरी गेली, आणि ती दिवसाढवळ्या, चारी बाजूंनी घरं असलेल्या त्या गल्लीतून. कुणालाच काही दिसलं नाही. स्टेपनीही नेली होती. एवढं सगळं झाल्यावर हे त्यांना सांगायचं कोणी, असं इंदू आणि मी म्हणत होतो.

ते परत आले. राहीबाईंना धरून त्यांनी आत नेलं, घोंगडीवर बसवलं. मी दारात उभा राहून सांगितलं. "बॅटरी गेली, श्रीमंतराव. स्टेपनीपण."

"नेली व्हय?" ते म्हणाले. आणि पाणी तापवायला ठेवायचं म्हणून चुलीपाशी वाकून फुंकर घालू लागले.  गाडीकडं त्यांनी त्या दिवशी पाहिलंही नाही. रोटर मी त्यांच्या कोनाड्यात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून ते कामावर जाऊ लागले. राहीबाईंच्या जागी, त्यांच्याच टोळीत, बायकांमध्ये बसून खडी फोडायचे. ड्रायव्हरचे हात, त्यांना घनाची सवय नव्हती. गाडी कानिफनाथनं बैल लावून आपल्या गॅरेजात ओढून नेली. म्हणाला, पडू दे इथं, सवड होईल तेव्हा बघू. जाताना तिची चाकं कुरकुरत होती. राहीबाई दारात आल्या होत्या. पट्टी सुटली होती, उजवा डोळा पांढुरका झाला होता. त्यांनी नुसतं बघितलं. श्रीमंतराव कामावर होते.

रोज संध्याकाळी ते परत येत, हातपाय धूत, जेवत, आणि उंबऱ्याच्या आत पडल्या पडल्या झोपत. कधी दाराला कडी नसायची. मी एकदा म्हणालो, तर म्हणाले, "आत काय हाय, गुरुजी?" मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण आत राहीबाई होत्या. दुसऱ्या दिवसापासून कडी लागू लागली.

राहीबाईंना सगळं नव्यानं शिकावं लागलं. पाणी ओतताना तांब्याच्या बाहेर पडायचं. उजवीकडून कुणी आलं की दचकायच्या. सुईत दोरा इंदू घालून द्यायची. त्या तक्रार करत नव्हत्या. पण पूर्वी दाराशी उभ्या राहायच्या त्या आता येऊन बसायला लागल्या, आणि बराच वेळ बसायच्या.

त्र्याहत्तरला पाऊस बरा झाला. कामं बंद झाली. दिवाळीच्या सुमाराला कानिफनाथनं कुठल्यातरी ट्रॅक्टरची जुनी बॅटरी बसवून गाडी चालू करून दिली. श्रीमंतरावांनी पुन्हा भाडी घ्यायला सुरुवात केली, पण पूर्वीसारखी नाही. आठवड्यातून एक-दोन. रोटर काढत नसत. गाडी गॅरेजातच लावत. कानिफनाथचं कुलूप असलं तर असलं, नसलं तर नसलं. नगरला गेले की आजाऱ्याबरोबर आत जाऊन बसू लागले. बाहेर कुणी गाडी नेली असती तर त्यांनी काय केलं असतं, मला माहीत नाही. कुणी नेली नाही. विचारलं तर म्हणायचे, "न्हेनार आसंल तर न्हील. मी आता बघत न्हाई."

हे ऐकून मला एकदा बरं वाटलं होतं, की माणूस सुटला. पण तसं ते नव्हतं. ते नुसते थकले होते, आणि थकवा गेलाच नाही. झोप मिळाली, तरी गेला नाही.

चौऱ्याहत्तरच्या संक्रांतीला मनकर्णाला मुलगा झाल्याचा निरोप राहात्याहून आला. श्रीमंतरावांनी गाडी दारात आणली. राहीबाई सवयीनं मागच्या वाकळीवर बसायला निघाल्या, तसं ते म्हणाले, "मागं नगं. म्होरं बस."

राहीबाईंना ते सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं गाडी घरात, पण पुढची सीट भाड्याच्या माणसाची. त्या पुढं बसल्या, पदर सावरला, पिशवी मांडीवर घेतली. त्यांच्या उजव्या हाताला श्रीमंतराव. उजव्या डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे शेजारी बसलेला नवरा दिसायला त्यांना पूर्ण मान वळवावी लागत होती. गाडी वळवून होईपर्यंत मी तिच्याजवळच उभा होतो. त्यांनी दोनदा मान वळवून पाहिलं.

"नीट हायसा न्हवं?" राहीबाईंनी विचारलेलं मला ऐकू आलं.

"व्हय," ते म्हणाले.